कियांती की लांगे? वाईनवाल्या शेतावर मुक्काम टाकण्याआधी

मार्च उजाडला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, इटलीत वाईन करणाऱ्या शेतावर राहायचंय, टस्कनीत जाऊ का पिडमाँटमध्ये? टस्कनी म्हणजे बहुतेकांच्या डोक्यात कियांती असतं, फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या मधला डोंगराळ पट्टा, आणि पिडमाँट म्हणजे अल्बा गावाभोवतीच्या लांगेच्या टेकड्या, बारोलो-बार्बारेस्को ह्या वाईनींच्या. मी दोन्हीकडे राहिलोय. कियांतीत जूनमध्ये सात रात्री, लांगेत एकदा जुलैअखेर चार रात्री आणि नंतर एकदा ऑक्टोबरात तीन. तिघंच होतो, मी, बायको आणि तेव्हा सहा वर्षांची लेक, आणि राहायला म्युनिकला असल्यामुळे दोन्हीकडे स्वतःच्या गाडीनं गेलो. द्राक्षाची जात कुठली, कुठली वाईन किती महिने लाकडात मुरवतात वगैरे तुम्हाला माहिती असेलच, नसेल तर दोन मिनिटांत सापडेल, मी सांगतोय ते तिथं राहण्याबद्दल.

आधी एक कबूल करून टाकतो. मी मूळचा नाशिकचा, काकांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, त्यामुळे द्राक्षाच्या शेतात झोपायचं बाकीच्यांना जे अप्रूप असतं ते मला जरा कमीच. उलट ओळींमधून चालताना माझी नजर पानाच्या खालच्या बाजूला जाते. तेव्हा माझं मत थोडं तिरकं आहे असं धरूनच वाचा.

दिसायला कियांतीच. यात वाद घालायला मी बसणार नाही. सरूची झाडं, ऑलिव्हची राखाडी हिरवी झाक, टेकडीच्या माथ्यावर एकटंच दगडी घर, आणि मुख्य म्हणजे जंगल, कियांतीत द्राक्षापेक्षा जंगल कितीतरी जास्त आहे हे फोटोंमधून कळत नाही. रात्री खिडकी उघडली की सगळा काळोख आणि जूनमध्ये त्यात काजवे, लेकीनं पहिल्यांदा काजवे बघितले ते तिथं, भंडारदऱ्याला न्यायचं नुसतं बोलत राहिलो आणि झालं ते इटलीत. लांगेत टेकड्या म्हणजे नुसत्या द्राक्षाच्या ओळी, कंगव्यानं भांग पाडल्यासारख्या, उन्हाच्या बाजूला वीतभर जागा सोडलेली नाही आणि सावलीच्या बाजूला हेझलनटच्या बागा. हवा स्वच्छ असेल तर मागे आल्प्सची रांग आणि तिच्यात मॉन्विसोचं टोक दिसतं, तेव्हा बोलती बंद होते हे खरं, पण हवा स्वच्छ असेल तर. ऑक्टोबरच्या तीन दिवसांत आम्हाला ते दीड दिवस दिसलं, बाकी वेळ समोरचं झाडसुद्धा अंदाजानं. नेब्बिओलो हे द्राक्षाचं नाव तिकडच्या धुक्यावरून, नेब्बियावरून, पडलं असं सांगतात, ते का ते कळलं.

घर म्हणून बघितलं तरी कियांतीचं मोठं. दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, बाहेर अंगण, खाली पूल. शनिवार ते शनिवार असंच बुकिंग घेत होते, मधल्या दिवशी यायचं-जायचं नाही, आणि रात्रीचे १३० युरो. शहरातल्या हॉटेलात एवढ्यात आम्ही तिघं सुटकेसवरून उड्या मारत राहिलो असतो. लांगेत मिळाली ती एक खोली, लेकीसाठी तिसरा पलंग आत सरकवलेला, नाश्त्यासकट १०५ युरो, पूल नाही, अंगण होतं पण ते त्यांचं, म्हणजे तिथं ट्रॅक्टर उभा आणि आजींच्या कुंड्या. आपल्या घरात राहतोय असं वाटायचं तर कियांतीत, पाहुणे म्हणून आलोय असं लांगेत.

हा फरक उगाच नाहीये, त्यामागे जमिनीची गोष्ट आहे. कियांतीत ही जी एकटी दगडी घरं दिसतात ती मुळात अर्धेलकऱ्यांची. मेझ्झाद्रिया म्हणायचे त्या पद्धतीला, शब्दातच अर्धा आहे, जमीन मालकाची, राबायचं कुळानं आणि पीक अर्धं अर्धं, आपल्याकडच्या अर्धेलीसारखंच. दुसऱ्या महायुद्धानंतर ही माणसं कारखान्यांकडे निघून गेली, १९६४ मध्ये कायद्यानं असे नवे करार बंद केले आणि घरं ओस पडली. पुढं काही परदेशी लोकांनी घेतली, काही इस्टेटींनी दुरुस्त करून भाड्यानं द्यायला काढली. म्हणून तिथं तुम्हाला अख्खं घर मिळतं आणि मालक दिसेलच असं नाही, आमच्याकडे किल्ली द्यायला एक बाई आल्या, इस्टेटीच्या नोकर होत्या, चांगल्या होत्या, त्यानंतर भेटल्या त्या थेट सातव्या दिवशी. लांगेत बहुतेक जमीन छोट्या छोट्या कुटुंबांची आणि ते कुटुंब त्याच घरात राहतं. खाली तळघरात वाईन, वर आजी-आजोबा, पलीकडे मुलगा-सून, आणि उरलेल्या खोल्या तुम्हाला. इटलीनं १९८५ मध्ये आग्रितुरिझ्मोचा, म्हणजे शेतावरच्या पाहुणचाराचा, पहिला कायदा केला आणि आता चालतो तो २००६ चा, दोन्हींत अट एकच, शेती मुख्य राहिली पाहिजे आणि पाहुणचार जोडधंदा. कागदावर दोन्ही घरं त्यात बसतात. मला तो कायदा लांगेत दिसला, सकाळी नाश्त्याला कॉफी ओतणारा माणूस नऊ वाजता गुडघ्यापर्यंत चिखलात होता.

आता मुद्द्याचं. रात्रीचं जेवण.

कियांतीतलं आमचं घर डांबरी रस्त्यापासून साडेतीन किलोमीटर आत होतं आणि तो साडेतीन किलोमीटर म्हणजे स्त्रादा बियांका, पांढऱ्या खडीचा कच्चा रस्ता. सायकलवाल्यांचा ह्या रस्त्यांवर भारी जीव, कियांतीतल्या गायोले गावाहून १९९७ पासून जुन्या सायकलींची लेरोइका नावाची राइड निघते ती असल्याच रस्त्यांवरून. मी सायकलवर नव्हतो, खाली पोट घासणाऱ्या गाडीत होतो. दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही, समोरून कोणी आलं तर एकानं मागे घ्यायचं, आणि दोन दिवसांत काळी गाडी पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखी. तेही चाललं असतं. पण घरी जेवण देत नव्हते, नाश्ताही नाही, अपार्टमेंट आहे ना, तुमचं तुम्ही करा. सगळ्यात जवळची त्रात्तोरिया, म्हणजे साधी खानावळ, ११ किलोमीटरवर. आणि आमच्यात गाडी चालवणारा मी एकटा, बायकोचं भारतातलं लायसन्स जर्मनीत सहा महिन्यांनी संपलं आणि इथली परीक्षा द्यायची राहूनच गेली.

इटलीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारूची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे आणि त्याच्या आत किती ग्लास बसतात याचं गणित मांडणारे लोक असतात, मी मांडत नाही, वळणावळणाचा रस्ता आणि मागे लेक झोपलेली असताना तर अजिबात नाही. म्हणजे झालं काय, वाईन करणाऱ्या शेतावर सात रात्री राहायचं आणि जेवताना ग्लास हवा असेल तर आधी कांदा आपणच चिरायचा, तोही तिथल्या त्या सुरीनं, जिनं टोमॅटोसुद्धा नीट कापला जात नव्हता. चार रात्री आम्ही घरीच केलं. बायकोनं छोटा कुकर बरोबर घेतला होता, हुशार बाई, आणि मुगाची खिचडी, वर तिथलंच ऑलिव्ह तेल आणि बाजूला कियांती क्लासिको असं आम्ही जेवलो. वाईट लागत नाही. सांजोवेझेचा, म्हणजे कियांतीच्या द्राक्षाचा, आंबटपणा तुपातल्या जिऱ्याबरोबर बरा जातो म्हणे, असं मी तिसऱ्या रात्री म्हणायलाही लागलो होतो. पण खिचडी मी म्युनिकलाही खातो हो, त्यासाठी आल्प्स ओलांडायला नको.

बाकी तीन रात्री बाहेर गेलो. पहिल्या रात्री त्या त्रात्तोरियात बायकोनं अर्धा लिटर घरची वाईन मागवली, वाढणारीनं दोन ग्लास ठेवले, मी माझा पालथा घातला. तिनं काही विचारलं नाही, सोड्याच्या पाण्याची बाटली आणून ठेवली, इतक्या सवयीनं की मी आजूबाजूला बघितलं. जवळजवळ प्रत्येक टेबलावर एक जण पाणी पीत होता. सगळे आमच्यासारखेच, कुठल्या ना कुठल्या टेकडीवरच्या शेतातून उतरलेले, आणि प्रत्येक शेतात वाईन. परत येताना त्या पांढऱ्या रस्त्यावर दिव्यांच्या उजेडात साळिंदर आडवं आलं, काटे फुलवून दोन मिनिटं तिथंच उभं, लेक जागी झाली आणि अजूनही कियांती म्हटलं की तिला तेच आठवतं. तेवढा त्या रस्त्याचा उपकार. पण घरी पोचलो तेव्हा साडेदहा, मग मी एकट्यानं बाटली उघडून अंगणात बसायचं का, बायको झोपली होती. दोन रात्री बसलो. तिसऱ्या रात्री बूच परत लावून ठेवलं.

लांगेत जेवण खालीच. आठ वाजता घंटी नाही, निरोप नाही, वासावरून उतरायचं. टेबलापासून आमच्या पलंगापर्यंत १७ पायऱ्या, दुसऱ्या रात्री मोजल्या, तेव्हा मोजाव्या लागल्या. माणशी ३५ युरो वाईन धरून, लेकीचे अर्धे, आणि मेनू वगैरे काही नसतो, आज काय असेल ते. सुरुवातीचेच चार प्रकार येतात, एक संपला की दुसरा, भाजलेल्या मिरच्या, रशियन सॅलड (हे पिडमाँटचं घरचं खाणं आहे हे मला तिथंच कळलं), चीजची धार सोडलेला भाजीचा फ्लान, मग तायारिन, पिवळ्याधमक अंड्याच्या बारीक शेवया, मग मुख्य पदार्थ, मग हेझलनटचा केक. वाईन म्हणजे लेबल न लावलेल्या बाटलीतली दोल्चेत्तो. हे लोक रोज बारोलो पीत नाहीत, बारोलो विकतात, रोजच्या जेवणाला दोल्चेत्तो आणि बार्बेरा. नावात गोडवा असला तरी दोल्चेत्तो गोड नसते बरं का, बायकोनं पहिला घोट घेऊन माझ्याकडे बघितलं होतं. बारोलो शेवटच्या रात्री निघाली, आजोबांनी स्वतः आणली, त्याचे पैसे वेगळे लावले आणि लावले ते योग्यच होतं.

मोजमाप विचाराल तर माझ्याकडे एवढंच आहे. कियांतीत सात दिवसांत आम्ही घरी आणायला म्हणून सहा बाटल्या घेतल्या. लांगेत चार दिवसांत अठरा. वाईन तिथली तिप्पट चांगली असं काही नाही, पण जी वाईन ती करणाऱ्याच्या समोर बसून, त्याच्या आईच्या हातचं खात, परत गाडी चालवायची नाही ह्या निवांतपणात प्यायलो ती घरी न्यावीशी वाटली. कियांतीत टेस्टिंगही घेतलं की, व्यवस्थित, चार ग्लास, इस्टेटीची तरुण मुलगी माहिती सांगतेय, सगळं खरंच सांगत होती. मी थुंकत होतो, गाडी होती ना.

काकांचा किस्सा सांगायलाच हवा. लांगेत जुलैत सकाळी ओळींमधून फिरताना बघितलं तर जमिनीवर हिरवे घड पडलेले, अख्खेच्या अख्खे घड, कात्रीनं कापून टाकलेले. मी दिंडोरीला व्हिडिओ कॉल लावला. काका म्हणाले, "अरे विरळणी म्हणजे मणी काढायचे, हे घड का फेकून राहिलेत?" त्यांच्याकडे एकेक घड म्हणजे वजन, वजन म्हणजे पैसा, इथं घड कमी म्हणजे उरलेल्यात रस दाट, हे मी माझ्या परीनं सांगितलं, त्यांना काही पटलं नाही. तेवढ्यात आजोबा आले. मग पानं बघितली, पानांवर आणि खांबांवर निळसर डाग. काका तिकडून ओरडले, "मोरचूद! बोर्डो मारलंय त्यांनी!" आजोबा म्हणाले वेर्देरामे, म्हणजे तेच मोरचूद, आणि पान उलटं करून बोट ठेवलं, पेरोनोस्पोरा. "डाऊनी," काका म्हणाले, रोग एकच, पानावरची बुरशी. पुढची दहा मिनिटं फोन आजोबांच्या हातात होता, काका नाशिकच्या मराठीत आणि आजोबा पिडमाँटच्या बोलीत, मी भाषांतर करायचा प्रयत्न सोडून दिला, पावसाबद्दल बोलत होते हे कळत होतं. आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची आणि ऑक्टोबरची, आणि तिकडे एकच, हिवाळ्यात, हे काकांना कळलं तेव्हा त्यांचा हेवा मला इथपर्यंत ऐकू आला. कियांतीत असं काही होण्याची सोयच नव्हती, द्राक्षं कंपाउंडच्या पलीकडे आणि त्यात काम करणारी माणसं ट्रॅक्टरवरून हात करून जाणारी. ओळींच्या टोकाला गुलाब मात्र होते, भुरी, म्हणजे बुरशीचा दुसरा रोग, आधी गुलाबावर दिसते म्हणून लावायचे पूर्वी, आता फोटोसाठी.

आता लांगेची खोट पण सांगतो, नाहीतर तुम्ही जाऊन मला शिव्या द्याल.

शाकाहारी असाल तर कियांती निःसंशय सोपं. बायको अंडं खाते, मांस-मासे नाही. टस्कनीत नुसत्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांवर दिवस निघतात, पावाचं टोमॅटोतलं सूप, रिबोल्लिता हे पाव-भाज्यांचं दाट सूप, लसूण-टोमॅटोतली पिची, म्हणजे जाड शेवया, फक्त पाव अळणी असतो, चुकून नाही, तिथं पावात मीठ घालतच नाहीत. लांगेत पहिल्या रात्री तिच्यासमोर प्लिन आले, चिमटीनं बंद केलेल्या इवल्याशा करंज्या, दिसायला इतक्या गोंडस की तिनं एक तोंडात टाकलीच, आत भाजलेलं मांस. बान्या काउदा ह्या गरम लसणाच्या चटणीत अँकोव्ही मासे. आजींना आधी कळवलं असतं तर हे झालं नसतं, दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी वेगळं केलं त्यांनी, पण तुमच्याबरोबर सासू-सासरे असतील आणि ते अंडंही खात नसतील तर माझं ऐकू नका, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या आणि कुकर न्या.

लहान मुलं असतील तर पूल हा शब्द मोठा आहे. आमची लेक लांगेत दुसऱ्या दिवशी दुपारी कंटाळली आणि रात्री आठचं जेवण म्हणजे तिसऱ्या प्रकाराला ती ताटाशेजारी डोकं ठेवून झोपलेली. हां, १७ पायऱ्या उचलून नेली की झालं, पण रोज तसंच. मंगळवारी आजींची सुट्टी, जेवण नाही. त्या दिवशी आम्ही गावात चालत गेलो, उतरताना २० मिनिटं, चढताना अर्धा तास, पण चालत जाता येतं हेच माझ्यासाठी मोठं होतं, तिकडे गावं जवळजवळ आहेत. ऑक्टोबरमध्ये आणखी एक, खोलीत तपकिरी ढेकण्या शिरतात, पलंगातले ढेकूण नव्हे, झाडांवरचे किडे, ऊब शोधत येतात, चिरडल्या की उग्र कोथिंबिरीसारखा वास, पडद्याच्या चुण्यांत सहा सापडल्या. आणि ऑक्टोबरला अल्बाच्या पांढऱ्या ट्रफलचा मोसम असतो, खोल्यांचे भाव चढतात आणि ट्रफल ताटात किसतात ते ग्रॅमवर, किसणाऱ्याला थांब म्हणायचं लक्षात ठेवा.

पैशाचं बघितलं तर रात्रीमागे लांगे जेवणासकट १९० च्या घरात गेलं आणि कियांती १३० अधिक वाणसामान. पंधरा दिवस राहायचं असेल, फ्लॉरेन्स-सिएना करायचं असेल, तर कियांतीच बरं पडेल, फक्त ह्या शहरांत गाडी आत घालू नका, झेडटीएलचे, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेल्या भागाचे, कॅमेरे दंड घरपोच पाठवतात.

आणि कियांतीवर मी अन्याय करतोय असंही होईल, कारण तिथंही रात्रीचं जेवण देणारी शेतघरं आहेत, मला ते बघून बुक करायची अक्कल नव्हती. पाटीवर पाचपैकी किती सूर्यफुलं आहेत ते मी बघत बसलो, ती सोयीसुविधांची असतात, स्वयंपाकघरात कोणी आहे का ते त्यातून कळत नाही. त्यापेक्षा रिस्तोराझिओने (जेवणाची सोय) किंवा मेझ्झा पेन्सिओने (नाश्ता आणि एक जेवण) लिहिलंय का ते शोधा, कुठल्या वारी बंद ते विचारा, आणि डांबरी रस्ता कुठं संपतो तेही विचारा, कितीही वेड्यासारखं वाटलं तरी.

बायकोचं मत अजून कियांतीच आहे. काजवे, पूल आणि स्वतःचं स्वयंपाकघर, तिच्या यादीत हीच तीन कारणं, आणि लेकीचं एक मत साळिंदराला. पुढच्या जूनमध्ये परत तिकडे जायचं असं दोघींनी ठरवलंय. माझी ना नाही, एकच अट घातलीय, संध्याकाळी गाडी तिनं चालवायची. परवापासून ती ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागलीय.